मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी आणि तिचा पतंग शेतात खात्रीने कसा ओळखावा

मका दहा-बारा दिवसांचा झाला, की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, डोकावून पाहण्याची सवय गेल्या काही वर्षांत आपल्याकडील बहुतेक मका उत्पादकांना लागली आहे आणि ती योग्यच आहे. अडचण त्यापुढे येते. पोंग्यात कोणतीही अळी दिसली, की ती लष्करीच असे धरून फवारणी केली जाते. आणि खरी लष्करी अळी जेव्हा केसाएवढी बारीक असते, पानावर केवळ पांढुरके चट्टे उमटलेले असतात, तेव्हा मात्र तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पहिल्या चुकीत पैसा वाया जातो, दुसऱ्या चुकीत पीक हातचे जाते. दोन्ही चुका टाळता येतात, पण त्यासाठी पान, अंडीपुंज, अळी आणि पतंग या चारही ठिकाणच्या खुणा माहीत असाव्या लागतात. कारण यांतील कोणतीही एकच खूण पाहून केलेले निदान पुरेसे पक्के नसते.

लवकर ओळखण्यावर एवढा भर का, हे एका हिशेबावरून लक्षात येईल. अळी पाच वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण सहा अवस्था होतात. जन्मभरात ती जेवढे पान खाते, त्यापैकी सुमारे ७७ टक्के एकट्या सहाव्या अवस्थेत खाते आणि सुमारे १६ टक्के पाचव्या अवस्थेत. पहिल्या तीन अवस्थांचे खाणे एकत्र केले, तरी ते २ टक्के भरत नाही. म्हणजेच अंगठ्याच्या पेराहून मोठी, सहज दिसणारी अळी ज्या दिवशी आपल्या नजरेस पडते, त्या दिवशी खरे नुकसान सुरू झालेले असते. शिवाय मोठी अळी पोंग्यात खोल बसते आणि स्वतःच्या विष्ठेचा बोळा वर बसवून घेते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचतही नाही.

या किडीचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा असे असून, १७९७ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया भागातील नमुन्यांवरून तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण आणि उपोष्ण पट्ट्यातली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा परिसरातील मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही मक्यावर, तर काही ठिकाणी उसावरही पोहोचली. तिला सुप्तावस्था नाही, त्यामुळे जिथे बर्फ पडतो तिथे ती हिवाळ्यात मरते आणि पुढच्या वर्षी उबदार प्रदेशातून पुन्हा उडत येते. आपल्याकडे तसा अडसरच नाही. खरिपाचा मका निघतो तोवर रब्बीचा उगवलेला असतो, आणि उन्हाळ्यात दुभत्या जनावरांसाठी चाऱ्याचा व मुरघासाचा मका उभा असतो. पतंगाला अंडी घालण्यासाठी कोवळे पान बाराही महिने मिळते. म्हणून ही ओळख केवळ जून-जुलैपुरती नाही.

आधी पान पाहावे

शेतात जाताना दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग, बारीक चिमटा, पाण्याची बाटली, पांढरी बशी आणि झाकणाच्या दोन-चार लहान डब्या बरोबर घ्याव्यात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावे, कारण भर उन्हात अळ्या पोंग्याच्या तळाशी गेलेल्या असतात. बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरावे आणि इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकारात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबावे. प्रत्येक ठिकाणी सलग वीस झाडे पाहिली, की एकूण शंभर झाडे होतात आणि प्रादुर्भाव किती टक्के आहे, हे वेगळे गणित न करता कळते. फक्त बांधावरची चार झाडे पाहून सगळ्या शेताचा अंदाज करणे फसवे ठरते. चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी.

पहिली खूण पानावरची. अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या पानाचा फक्त हिरवा थर खरवडून खातात आणि दुसऱ्या बाजूचा पातळ पापुद्रा तसाच ठेवतात. त्यामुळे पानावर लांबट, पांढरट, कागदासारख्या अर्धपारदर्शक खिडक्या दिसू लागतात. पान सूर्याकडे धरले, की त्या चट्ट्यांतून उजेड आरपार येतो, पण बोट फिरवले तर भोक लागत नाही. आमच्या शेतात ही कीड पहिल्यांदा आली, तेव्हा नुकताच युरिया दिलेला होता, आणि पोंग्यात खताचे दाणे पडून पान भाजले असावे अशी आमची समजूत झाली. खताने करपलेला भाग तपकिरी आणि ठिसूळ होतो, त्याला खिडकीसारखी पारदर्शकता नसते. एवढा फरक तेव्हा माहीत असता, तर आठवडाभराने प्रत्येक चौथ्या पोंग्यात अळीची भुशासारखी विष्ठा पाहण्याची वेळ आली नसती. ही खूण म्हणूनच मी सर्वांत आधी सांगतो. चट्टे दिसलेल्या पानाच्या खालच्या बाजूला आणि पोंग्याच्या तोंडाशी भिंगातून पाहिले, तर काळ्या डोक्याच्या, हिरवट-पांढुरक्या, एक-दोन मिलिमीटर लांबीच्या अळ्या सापडतात. त्यांतील काही अळ्या बारीक रेशमी धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडांवर जातात, त्यामुळे एका अंडीपुंजाभोवतालची बरीच झाडे एकाच वेळी चट्टे दाखवू लागतात.

दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेपासून अळी पानाला आरपार भोके पाडते. पोंग्यात गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून ती आडवी कुरतडत गेलेली असल्याने, तेच पान पुढे उलगडले की त्यावर वेड्यावाकड्या, लांबट भोकांची आडवी रांग दिसते. त्यानंतरच्या अवस्थांत पानांच्या कडा फाटून चिंध्या होतात आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी, ओलसर, पिवळसर-तपकिरी विष्ठा साचते. ही विष्ठा ओली असेल तर अळी आत आहे असे समजावे. वाळून कडक झालेली असेल आणि नवीन पान स्वच्छ निघाले असेल, तर ती बहुधा मातीत कोषावस्थेत गेलेली असते. अशा शेतात विष्ठा दिसते म्हणून फवारणी करणे निरर्थक आहे. हा फरक करण्यासाठी विष्ठा बोटांत घेऊन चुरडून पाहण्यात संकोच करू नये.

अंडीपुंज

मादी एका वेळी साधारण १०० ते २०० अंडी पुंजक्याने घालते आणि आपल्या आयुष्यात सरासरी दीड हजारांपर्यंत अंडी घालू शकते. अंडे जेमतेम ०.४ मिलिमीटर व्यासाचे, घुमटाकार आणि सुरुवातीला फिकट हिरवट किंवा मळकट पांढरे असते. फुटण्याआधी ते गडद होते. पुंजका पानाच्या खालच्या किंवा वरच्या बाजूला आणि कधी खोडाजवळ सापडतो. त्यावर मादीच्या पोटावरील करड्या-गुलाबी खवल्यांचे आवरण असते, आणि त्यामुळे लांबून पाहता पानावर बुरशीचा ठिपका आल्यासारखा वाटतो. बुरशी की अंडी, हे भिंगाने क्षणात कळते: नखाच्या टोकाने कापसासारखे आवरण हळूच बाजूला सारले, की खाली मोत्यांसारखे गोल दाणे एकावर एक रचलेले दिसतात. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून पाहणीतील अंतर आठवड्याचे न ठेवता तीन-चार दिवसांचे ठेवावे. सापडलेला पुंजका तेथेच चुरडून टाकला, तर शे-दीडशे अळ्यांचा प्रश्न एका चिमटीत मिटतो.

मात्र केसाळ आवरणाचा पुंजका दिसला म्हणजे तो याच किडीचा, असेही नाही. सोयाबीन, भुईमूग आणि एरंडीवर येणारी पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिटुरा, हिची मादीही अंड्यांवर तसेच आवरण घालते. तिच्या पुंजक्याचा रंग बहुधा पिवळसर-तपकिरी असतो, पण रंगावर विसंबण्यापेक्षा अळ्या बाहेर पडू देऊन त्या पाहणे अधिक खात्रीचे.

अळी हातात घेऊन

येथे घाई करू नये, कारण संपूर्ण निदानाचा गाभा हाच आहे. पोंग्यातून काढलेली अळी विष्ठेने माखलेली असते आणि तशीच पाहिली तर कोणतीही खूण दिसत नाही. ती बशीत टाकून वर थोडे पाणी ओतावे, बोटाने अलगद फिरवून धुवावी आणि पाणी ओतून द्यावे. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तिचा मधला भाग हलकेच धरून, शेपटीचा भाग आपल्याकडे राहील अशी ती उजेडात न्यावी.

सर्वांत आधी डोके न पाहता शेपूट पाहावे. अळीच्या पाठीवर प्रत्येक खंडात, म्हणजे अंगाच्या प्रत्येक कड्यासारख्या भागात, चार उंचवटे असतात, जणू टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून एक आखूड केस निघालेला असतो. बाकीच्या खंडांवर पुढचे दोन ठिपके जवळजवळ आणि मागचे दोन लांबलांब असतात, म्हणजे चार ठिपके जोडले तर समलंब चौकोन होतो. शेपटीकडून थोडे अलीकडे, पोटाच्या आठव्या खंडावर मात्र हे चार ठिपके इतरांहून मोठे असतात आणि त्यांचा सरळ चौरस तयार होतो, जसे फाशावरचे चार. एकदा ही जागा नजरेत बसली, की पुढे भिंगाचीही गरज लागत नाही.

त्यानंतर अळी फिरवून डोके समोर घ्यावे. गडद तपकिरी डोक्यावर फिकट पिवळट-पांढऱ्या रेषांनी इंग्रजी वाय हे अक्षर उलटे काढलेले दिसते: देठ वर, माथ्याकडे, आणि दोन फाटे खाली, तोंडाच्या दोन्ही बाजूंना. हा देठ मागे पाठीवरील मधल्या फिकट रेषेला जाऊन मिळतो. उलट्या वायची ही खूण सर्वांना पाठ झाली आहे, आणि गैरसमजही तिच्यामुळेच अधिक झाले आहेत. डोक्याच्या कवचाचे सांधे याच आकाराचे असल्याने इतरही काही अळ्यांच्या डोक्यावर फिकट उलटा वाय दिसतो. म्हणून केवळ डोके पाहून निर्णय करू नये. शेपटीचा चौरस आणि डोक्यावरील वाय, ही दोन्ही चिन्हे एकाच अळीवर स्पष्ट असतील, तरच ती अमेरिकन लष्करी अळी म्हणावी.

अंगाचा रंग हा निकष धरूच नये. एकाच शेतात हिरवट, तपकिरी, करड्या आणि जवळजवळ काळ्या अशा सर्व छटांच्या अळ्या मिळतात, आणि त्या सगळ्या याच जातीच्या असू शकतात. रंग कोणताही असला, तरी पाठीवर लांबीच्या दिशेने तीन बारीक फिकट रेषा, बाजूला गडद पट्टा आणि त्याखाली पिवळसर, लालसर डागांचा पट्टा ही मांडणी बहुधा टिकून असते. कातडी पाहताना खरबरीत वाटते, पण बोटाला ती गुळगुळीत लागते. पूर्ण वाढलेली अळी तीन ते साडेतीन सेंटिमीटर लांब होते.

पहिल्या दोन अवस्थांत मात्र ही चिन्हे पुरेशी उमटलेली नसतात. पहिल्या अवस्थेतील अळीचे डोके काळे असते, दुसरीत ते नारिंगीकडे झुकते, आणि वाय व चौरस ही दोन्ही चिन्हे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेपासून ठसठशीत होतात. इतक्या लहान अळीबद्दल खात्री हवी असेल, तर तिला मक्याच्या कोवळ्या पानासह डबीत ठेवून चार-पाच दिवस वाढवावे. एका डबीत एकच अळी ठेवावी. या अळ्या एकमेकींना खातात. शेतातही मोठी अळी एका पोंग्यात बहुधा एकच सापडते, त्याचे कारण हेच. पोंग्यात एकाच आकाराच्या चार-पाच मोठ्या अळ्या गुण्यागोविंदाने राहत असतील, तर ती दुसरी जात असण्याची शक्यता आधी तपासावी.

मक्यावरील इतर अळ्या

सर्वाधिक गोंधळ खोडकिडीशी होतो. खोडकिडीची अळी पिवळट-तपकिरी, पाठीवर ठिपक्यांच्या लांब ओळी असलेली असते आणि तिच्या शेपटीवर चौरस नसतो. तिने पाडलेली भोके बारीक, गोल आणि टाचणीने टोचल्यासारखी समांतर रांगेत असतात. पुढे ती खोडात शिरते आणि मधला पोंगा वाळतो, जो ओढला असता सहज उपटून हातात येतो. लष्करी अळीच्या झाडात पोंगा फाटलेला आणि विष्ठेने भरलेला असतो, परंतु तो वाळून असा सुटत नाही. अगदी लहान रोपांत मात्र लष्करी अळी वाढीचा शेंडाच खाऊन टाकते आणि तेव्हा पोंगाही मरू शकतो, म्हणून अशा रोपात अळी शोधून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपली जुनी लष्करी अळी, म्हणजे मिथिम्ना सेपरेटा, ज्वारी आणि भातावर पूर्वीपासून येते. नावातील साम्यामुळे दोघींची गल्लत होते. तिच्या डोक्यावर मधाच्या पोळ्यासारखी गडद जाळी आणि दोन वाकड्या गडद रेषा असतात, अंगावर लांबच लांब पट्टे असतात, शेपटीवर चौरस नसतो. ती झुंडीने, रात्रीच्या वेळी, पानांच्या कडेपासून मधल्या शिरेपर्यंत खात जाते आणि दिवसा ढेकळांखाली दडते.

कणसात अळी दिसली, तर ती घाटेअळी की लष्करी, हा प्रश्न येतो. हरभरा आणि तुरीवरची ही घाटेअळी मक्यात बहुधा केसरातून, म्हणजे कणसाच्या टोकाकडून आत जाते आणि तेथील दाणे खाते. लष्करी अळी टोकातूनही जाते, पण पुष्कळदा कणसाच्या बाजूने आवरण पोखरून थेट मधल्या दाण्यांवर पोहोचते. अंगावर बोट फिरवले, तर घाटेअळीची कातडी सूक्ष्म काट्यांमुळे खरखरीत लागते. सोयाबीनवरील लिटुरा मक्यात क्वचित येते. तिच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना काळ्या अर्धचंद्राकृती किंवा त्रिकोणी डागांच्या जोड्या असतात आणि त्या पाहिल्या, की शंका उरत नाही.

पतंग

पूर्ण वाढलेली अळी जमिनीवर उतरून दोन ते आठ सेंटिमीटर खोल मातीत कोषात जाते. कोष तांबूस-तपकिरी, चकचकीत आणि दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो. अनेक जातींचे कोष हुबेहूब असेच दिसत असल्याने नुसत्या डोळ्यांनी त्यावरून जात ठरवू नये. उबदार दिवसांत आठ-नऊ दिवसांनी त्यातून पतंग बाहेर येतो.

पतंग निशाचर असून दिवसा पानांच्या बेचक्यात पंख छपरासारखे मिटून बसतो. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३२ ते ४० मिलिमीटर अंतर भरते. नर आणि मादी दिसायला वेगवेगळे असल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

नराचा पुढचा पंख करडा आणि तपकिरी अशा मिश्र छटांचा असतो. पंखाच्या अगदी टोकाशी एक त्रिकोणी, स्वच्छ पांढरा डाग असतो, आणि पंखाच्या मध्याजवळ तिरकस बसवलेला फिकट पिवळसर लंबगोल ठिपका व त्याच्या बाजूला आणखी एक पांढुरकी खूण दिसते. मादीच्या पुढच्या पंखावर हे काहीच ठळक नसते. तो एकसारखा धुरकट करडा-तपकिरी, बारीक ठिपक्यांचा असतो, आणि अनुभवी माणूसही केवळ त्यावरून तिची जात सांगायला कचरतो. दोघांचाही मागचा पंख मात्र रुपेरी पांढरा, तिरपा धरला असता मोतिया चमक दाखवणारा आणि कडेला अगदी अरुंद गडद रेघ असलेला असतो. मिटलेल्या अवस्थेत हा पंख दिसत नाही. मेलेला पतंग पाठीवर न ठेवता पोटावर ठेवावा, टाचणीने पुढचा पंख हळूच पुढे सरकवावा आणि मगच मागचा पंख पाहावा.

घाटेअळीचा पतंग यावरून लगेच वेगळा काढता येतो, कारण त्याचा पुढचा पंख गवती-पिवळट असून त्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद ठिपका असतो, आणि मागच्या पंखाच्या कडेला रुंद काळसर पट्टा असतो. लिटुराच्या पतंगाचा मागचा पंखही पांढराच असतो. परंतु त्याच्या पुढच्या पंखावर फिकट रेषांचे आडवे-तिडवे दाट जाळे असते आणि नराच्या पंखाच्या टोकाशी पांढऱ्या त्रिकोणाऐवजी निळसर-करडी छटा असते. जुन्या लष्करी अळीचा पतंग वाळल्या गवताच्या रंगाचा असून त्याच्या पुढच्या पंखाच्या मध्याला एक इवलासा पांढरा ठिपका आणि टोकापासून आत येणारी गडद तिरकी रेघ असते.

पतंग पाहण्यासाठी कामगंध सापळा, म्हणजे मादीसारख्या गंधाने नरांना ओढून घेणारा सापळा, लावणे सोयीचे. मका उगवताच एकरी पाच नरसाळे सापळे लावावेत, सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर राहील असा बांधावा आणि पीक वाढेल तसा तो वर सरकवावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यात बसवायचे गंधाचे आमिष, हाताळताना हातमोजे घालावेत, आणि दुसऱ्या किडीच्या ल्यूरला लागलेले हात याला लावू नयेत. गंधाची सरमिसळ झाली, की सापळ्यात येणाऱ्या पतंगांवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो. ल्यूर किती दिवसांनी बदलायचा, हे पाकिटावर दिलेले असते आणि ते पाळावे.

सापळ्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. पहिली अशी, की या गंधाकडे फक्त नर येतात. सापळ्यात मादी मिळाली नाही म्हणून शेतात अंडी नाहीत, असे म्हणता येत नाही. मादी पाहायची असेल, तर प्रकाश सापळा लावावा लागतो. दुसरी अशी, की या ल्यूरकडे इतर जातींचे नरही येतात. त्यांत मिथिम्ना लोरेयी नावाचा पतंग वारंवार आढळतो, आणि त्याचा मागचा पंखसुद्धा शुभ्र असतो. रिकाम्या डोळ्यांनी नुसती संख्या मोजून वहीत लिहिणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. लोरेयीचा पुढचा पंख सरसकट फिकट गवती-तपकिरी असतो, त्याच्या टोकाशी पांढरा त्रिकोण नसतो. म्हणून सापळा रिकामा करताना पतंग पांढऱ्या कागदावर ओळीने मांडावेत आणि ज्यांच्या पुढच्या पंखावर त्रिकोण व तिरकस लंबगोल अशी दोन्ही चिन्हे आहेत, तेवढेच मोजावेत. सापळ्यात फडफडून ज्यांचे खवले झडले आहेत, त्यांची नोंद ‘अनिश्चित’ अशा वेगळ्या रकान्यात करावी. अशा पतंगाची जात तज्ज्ञाला नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरवावी लागते. या किडीचे मक्यावर वाढणारे आणि भातावर वाढणारे असे दोन गट आहेत. ते दिसायला अगदी सारखे असून त्यांच्यातील फरक डीएनए तपासणीतूनच कळतो, त्यामुळे शेतात त्या फंदात पडू नये.

पाहणी करताना पानाला चिकटून ताठ झालेली, पांढऱ्या आणि नंतर फिकट हिरव्या भुकटीने माखलेली अळी दिसली, तर ती उपटून टाकू नये. पावसाळी, दमट दिवसांत मेटारायझियम रिलेयी या बुरशीने मेलेली ती अळी असते, आणि तिच्यावरील भुकटी म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू. ते उडून इतर अळ्यांवर पडतात. अशा अळ्या शेतात बऱ्याच दिसू लागल्या असतील, तर ती नोंद आवर्जून करावी, कारण फवारणीचा निर्णय त्यामुळे बदलू शकतो. चाऱ्यासाठी मका कापायचा असेल, तर कोणत्याही औषधानंतर किती दिवस थांबायचे, हे लेबलवर पाहिल्याशिवाय जनावरांपुढे वैरण टाकू नये.

नमुना पाठवताना

इतके करूनही शंका उरली, तर नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवावा. तो नीट ठेवला नाही, तर पाहणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली, तर ती काळी पडते आणि शेपटीवरचे ठिपके दिसेनासे होतात. म्हणून आधी ती कढत पाण्यात काही क्षण बुडवावी, बाहेर काढावी आणि मग ७० टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत ठेवावी. पतंगाच्या बाबतीत नेमके उलट करायचे. अल्कोहोलने त्याचे खवले निघून जातात, म्हणून तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मारावा आणि कोरड्या कागदाच्या त्रिकोणी पुडीत, पंख न चोळता, घडी घालून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि दोन दिवसांत त्यावर बुरशी येते.

प्रत्येक बाटलीबरोबर आणि पुडीबरोबर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी असावी. शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, मक्याचे वाण, पेरणीनंतरचे दिवस, अळी झाडाच्या कोणत्या भागात मिळाली, शंभरपैकी किती झाडांवर खुणा दिसल्या आणि आधी कोणती फवारणी केली होती का, एवढे लिहावे. पतंग असेल तर तो कामगंध सापळ्यातला, प्रकाश सापळ्यातला की कोषातून वाढवलेला, हेही नमूद करावे. शक्य असेल तर त्याच शेतातील तीन-चार अळ्या एकेकट्या डब्यांत, तळाशी दोन बोटे ओलसर माती घालून, मक्याच्या ताज्या पानांवर वाढवत ठेवाव्यात आणि रोज पान बदलावे. अळी मातीत शिरली, की डबी हलवू नये, वर जाळीचे फडके बांधावे आणि साधारण आठवड्यानंतर रोज संध्याकाळी पाहत जावे. नव्याने बाहेर आलेल्या पतंगाचा एकही खवला झडलेला नसतो, आणि नर असेल तर पंखाच्या टोकाचा पांढरा त्रिकोण जितका स्वच्छ त्या डबीत दिसतो, तितका सापळ्यातल्या पतंगात क्वचितच दिसतो.